एक वाट, दोन पावसाळे

श्रोतेहो, पावसाळ्यात परगावी निघायचं म्हटलं की घरातलं वडील माणूस आधी विचारतं, "कुठल्या अंगाला जाणार? घाटाकडे की देशाकडे?" हा प्रश्न चौकशीखातर विचारलेला नसतो. त्याच्या उत्तरावर अंगावर काय घालायचं, सोबत काय न्यायचं आणि मुळात निघायचं की नाही, हे ठरत असतं.

कोल्हापूर जिल्ह्याचंच पाहा. पश्चिमेला गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात तो सुमारे हजारावर येतो, आणि पूर्वेला शिरोळकडे पाचशेच्या आसपास उरतो. जिल्हा एक, पण पाऊस दहा वाट्यांचा एक वाटा! याचं कारण सह्याद्री. समुद्रावरून आलेला नैर्ऋत्येचा ओला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि आपलं ओझं तिथंच टाकतो. पलीकडे उतरताना तो पुन्हा तापतो व कोरडा होतो. त्यालाच आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो.

आता याच जिल्ह्यातली एक वाट घ्या. पन्हाळा ते विशाळगड. या वाटेवरून बेचाळीस वर्षांच्या अंतरानं दोन प्रवास झाले, दोन्ही भर पावसाळ्यात.

पहिला तुम्हाला ठाऊक आहे. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला होता. पाऊस लागला की वेढा ढिला पडेल, अशी गडावरच्यांची अटकळ होती. वेढा उठला नाही. पण पाऊस मात्र उपयोगी पडला. जुलैच्या रात्री, आषाढातल्या धो धो पावसात, शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी गडाखाली उतरले. ही माणसं सहाशेच्या आसपास होती असं परंपरा सांगते. रात्रभर चिखल आणि ओढे तुडवीत ती गजापूरच्या खिंडीशी पोचली. तिथं बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रूला रोखून धरलं आणि प्राण दिला. महाराज विशाळगडावर पोचले. पन्नास-साठ किलोमीटरची ही वाट एका दिवसरात्रीच्या आत संपली.

दुसरा प्रवास उलट दिशेचा. १७०२ च्या जून महिन्यात औरंगजेब बादशहानं विशाळगड, म्हणजेच खेळणा, ताब्यात घेतला आणि फौज पन्हाळ्याकडे परत निघाली. अंतर सुमारे ३० मैल. त्याला लागले ३८ दिवस! ओढ्यांना पूर आलेले, हत्ती-उंट चिखलात रुतलेले, तंबू भिजून दुप्पट जड झालेले. धान्य महागलं, जनावरं मेली, सामान वाटेत टाकून द्यावं लागलं.

अर्थात, दोन्ही प्रवासांची सरसकट तुलना करणं बरोबर होणार नाही. एकीकडे मूठभर माणसं, दुसरीकडे दरबारासह चाललेलं चालतं शहर. पण नेमका धडा तोच आहे. घाटातला पाऊस कोण मोठा, कोण लहान हे पाहत नाही. तो ओझं पाहतो.

डोंगरातल्या माणसाला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. त्याचा पावसाळी पोशाख पाहा. खाली गुडघ्याच्या वर आखूड वस्त्र, कारण लांब धोतर भिजलं की पायात येतं. कातड्याची वहाण चिखलात जड होते, म्हणून ती हातात. आणि खांद्यावर घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाठीवरचं पाणी ओघळून जातं. भिजली तरी तिची ऊब राहते. ओलं सुती कापड अंगातली उष्णता ओढून घेतं. लोकर तसं करीत नाही. हीच घोंगडी रात्री अंथरूण होते आणि गरज पडली तर पांघरूणही.

कोकणात आणि मावळात भातलावणीला इरलं असे. काही गावांतून ते आजही दिसतं. बांबूच्या कामट्या आणि मध्ये पळसासारखी पानं. वाकून काम करताना ते पाठ झाकतं आणि दोन्ही हात मोकळे ठेवतं. वाऱ्यात उलटणाऱ्या छत्रीला हे जमत नाही!

मग देशावर बिनघोर राहावं काय? तसंही नाही. सन १७०० च्या ऑक्टोबरात याच बादशहाची छावणी माण नदीकाठी खवासपूरला होती. तो मुलूख कोरडा, नदी एरवी आटलेली. एका रात्री अचानक पूर आला, छावणीत पाणी शिरलं, माणसं-जनावरं वाहून गेली आणि खुद्द बादशहाच्या पायाला कायमची दुखापत झाली. आपल्या डोक्यावर पाऊस नाही, म्हणून नदीच्या उगमाकडे तो नाही, असं समजू नये.

तेव्हा मंडळी, आजच्या प्रवाशानं काय करावं? घाटात जाल तर जाड सुती विजार घरी ठेवा. पातळ, लवकर वाळणारे कपडे घाला. अंगभर रेनकोट किंवा घोंगडीची खोळ घ्या. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या. तो मुक्कामाला पोचेपर्यंत सोडू नका. देशावर छत्री आणि सैल सुती कपडे पुरतात. तिथं मधूनच कडक ऊन पडतं. पण पुलावरून वा फरशीवरून पाणी वाहत असेल, तर ते गुडघाभर दिसलं तरी त्यात पाऊल घालू नका. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. लाल इशारा असेल त्या दिवशी घाटाची वाट धरू नका. निघणं एक दिवस पुढं ढकललं तर कमीपणा येत नाही. जुन्या काळी फौजासुद्धा दसऱ्याची वाट पाहत आणि मग सीमोल्लंघन करीत.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावंसं वाटतं. या पावसाळ्यात मुलांना सपाट बुडाच्या, सरळ कडांच्या डब्यानं रोजचा पाऊस मोजायला लावा. आणि घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, "तुमच्या वेळी पावसात बाहेर पडताना अंगावर काय घेत?" त्या उत्तरांतून गावचा भूगोल आणि गावचा इतिहास, दोन्ही वहीत उतरतील. गावोगावची ही माहिती म्हाताऱ्या माणसांपाशी आहे. ती विचारायला फार उशीर करू नका.