कातडं, कोळसा आणि हलतं चित्र

बकऱ्याचं एक कातडं मी घरी आणलं होतं. चुन्यात भिजवायचं, केस खरवडायचे, ताणून वाळवायचं, मग त्यातून आकृत्या कापायच्या आणि मागून दिवा लावून त्यांचे एकेक छायाचित्र घेत अ‍ॅनिमेशन करायचं, असा माझा बेत होता. आईनं दारातूनच विचारलं, "पोरा, तुझ्या आजानं ज्याला हात लावायचं सोडलं, ते तू पुन्हा घरात आणलंस?" मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

हलत्या चित्राचा आपल्याकडचा इतिहास सिनेमापेक्षा जुना आहे. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं ते दिव्याच्या उजेडात पडद्यावर हलवीत. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली. पुढे आगकाड्यांनाही त्यांनी याच रीतीनं नाचवलं. ही नावं पाठ्यपुस्तकांत आली आहेत. पण कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर आदिवासी चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवीत आणि चित्रकथीची चित्रं एकामागून एक उलगडीत गोष्ट सांगत आले, त्याला आपण बराच काळ 'लोककला' म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवलं. याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती २०२१ साली. पटवर्धन-फाळके यांचा तो 'इतिहास' आणि ठाकरांची ती 'परंपरा', ही वाटणी कुणी केली?

'पारंपरिक साधनं' हा शब्द कलाशाळांत आज फार प्रेमानं उच्चारला जातो. गेरू, चुना, काजळी, कातडं! पण साधनाला जात चिकटलेली असते, हे तिथे कुणी सांगत नाही. पडद्यावर उजळलेला कातड्याचा राम पाहून गाव हात जोडी, आणि त्याच गावात कातड्याला हात लावणारा माणूस विटाळ ठरे. मेलेलं ढोर ओढायचं महारानं, कातडं कमवायचं ढोरानं, जोडा शिवायचा चांभारानं. ही कामाची वाटणी नव्हती, कामगारांची वाटणी होती. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं. पुढे गावोगाव लोकांनी ढोरं ओढणं नाकारलं, बहिष्कार सोसले. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. आईच्या प्रश्नामागे एवढा इतिहास उभा होता. तिच्या लेखी ते कातडं कलेचं साधन नव्हतं. तो नकार होता, आणि तो मोडला जात होता.

मग आपण हातानं घडवलेल्या अ‍ॅनिमेशनकडे पाठ फिरवायची का? कच्छकडे पाहिलं तर वेगळं उत्तर मिळतं. नीना सबनानी यांचा 'टांको बोले छे' हा लघुपट २००९ सालचा. कापडाचे तुकडे जोडून आणि भरतकाम करून त्यातली चित्रं घडवली, आणि तीच पडद्यावर हलली. 'कला रक्षा' या संस्थेशी जोडलेल्या कारागिरांनी ती घडवली, गोष्टही त्यांनीच आपल्या तोंडानं सांगितली. या कारागिरांत मेघवाळ बाया आहेत, १९७१च्या युद्धाच्या सुमारास सिंधमधून उठून आलेल्या. टाका घालणारा हात आणि 'मी' म्हणणारा आवाज इथे एकाच माणसाचा आहे. मला वाटतं, सारा प्रश्न इथेच आहे. साधन जुनं की नवं, हा मुद्दाच नाही. ते कुणाच्या मर्जीनं हातात आलं, आणि त्यातून कुणाची गोष्ट सांगितली गेली, हे महत्त्वाचं.

कातडं मी परत केलं. चार विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन काचेवर काम सुरू केलं. खालून दिवा, वर कोळशाची पूड. बोटानं आणि चिंधीनं आकृती करायची, फोटो घ्यायचा, थोडी पुसायची, पुन्हा करायची. सेकंदाला बारा चित्रं. चाळीस सेकंदांसाठी चारशे ऐंशी. काचेवरचं प्रत्येक चित्र पुढच्या चित्रासाठी पुसावंच लागतं, पण पुसलेल्याचा धूसर डाग राहतो. तो डाग घालवायचा नाही, असं मुलांनीच ठरवलं. विषयही त्यांनीच निवडला : तळ्याकडे जाणारी माणसं, आणि पाण्यात बुडणारी ओंजळ.

एका मुलीनं विचारलं, "सर, कोळसा चालतो, मग कातडं का नाही?" प्रश्न रास्त आहे. उद्या तिला स्वतःच्या इच्छेनं कातडं हाती घ्यावंसं वाटलं, तर मी अडवणार नाही. आजोबांनी ते सोडलं ते कातड्याच्या द्वेषानं नव्हे. सक्तीनं करायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा नकार आणि तिची निवड यांत मला विरोध दिसत नाही. दोन्हींत माणूस स्वतःच्या हाताचा मालक आहे.

चित्रपट पुरा झाला तेव्हा आईला दाखवला. चाळीस सेकंद ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेवटी नावं लिहिलीस ना सगळ्यांची?" लिहिली होती. काच पुसणाऱ्यांचीसुद्धा.