जोतिबाचा चढ आणि जुनी वेगवान मोटार

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें १८ किलोमीटरांवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें ३,१०० फूट उंचीच्या या डोंगरावर जोतिबाचें क्षेत्र वसलें आहे. तेथील मुख्य देवालय राणोजी शिंदे यांनीं १७३० सालीं बांधविलें. राणोजी हे मराठी घोडदळांतील सरदार, आणि देवाचें वाहनहि घोडाच. त्या काळीं बारगिराला सरकारी पागेंतील घोडा मिळे. शिलेदाराला मात्र तो स्वतःचा आणावा लागे. घोडा बसला कीं शिलेदाराची रोजी बसली. म्हणून घोड्याची खरेदी ही त्याची हौस नव्हती. तो त्याच्या संसाराचा प्रश्न होता.

घोड्याचें वय दातांवरून ओळखतात, कारण चारा चावतां चावतां दात झिजत जातात. परंतु दात कानशीनें घासून व कोरून म्हातारा घोडा तरुण म्हणून खपविण्याची युक्ति युरोपांतील घोडेबाजारांत फार जुनी होती. त्यावर उपाय एकच: घोडा पळवून पाहावयाचा आणि त्याचा श्वास ऐकावयाचा. पुढें घोडा गेला आणि मोटार आली; पण प्रश्न जागच्या जागीं राहिला. एके काळीं वेगासाठीं नांवाजलेली आणि आतां हजारों मैल धांवून स्वस्त झालेली मोटार घ्यावी कीं न घ्यावी?

मुंबईंत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. त्यानंतर कित्येक वर्षें वेगवान मोटार ही संस्थानिकांची व बड्या व्यापाऱ्यांची चीज होती. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्यांतील मायबाख मोटार दसऱ्याच्या सोहळ्यांत लोकांनीं पाहिलेली आहे. झेपेलिन या हवाई जहाजांचीं इंजिनें करणाऱ्या जर्मन कारखान्याचीच ती निर्मिति. असली गाडी सामान्य बाजारांत कोठून येणार? मध्यम ऐपतीच्या माणसाजवळ वेग आणून ठेवला तो अमेरिकेंतील हेन्री फोर्डनें. १९३२ सालीं त्यानें आठ सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यांत बसविलेलें ६५ अश्वशक्तीचें इंजिन स्वस्त गाडींत घातलें. ही ‘व्ही-८’ गाडी धांवण्यांत आपल्या दुप्पट किमतीच्या गाड्यांना भारी पडे.

पण या इंजिनांत एक वर्म होतें. जळालेला धूर बाहेर नेणाऱ्या वाटा ठोकळ्यांतील पाण्याच्या पोकळींतूनच काढलेल्या होत्या. त्यामुळें जें पाणी इंजिनास थंड ठेवावयाचें, तेंच धुरानें तापे. नव्या गाडींत हा दोष झांकला जाई. जुन्या गाडींत मात्र पाण्याच्या वाटांत गंज व गाळ सांचे, आणि चैत्रांतल्या उन्हांत एखादा लांब चढ लागला कीं पाण्याला उकळी फुटे. सपाट रस्त्यावर अशी गाडी वाऱ्यासारखी धांवे. तिची खरी प्रकृति डोंगर सांगे.

स्वातंत्र्यानंतर या बाजाराचें चित्र पालटलें. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९५३ सालीं सरकारनें धोरण ठरविलें कीं, परदेशी सुटे भाग आणून नुसत्या गाड्या जोडणाऱ्यांस येथें थारा नाहीं. ज्यांना देशांत उत्पादन करावयाचें असेल त्यांनींच राहावें. १९२८ पासून मुंबईंत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनें आणि पाठोपाठ फोर्डनेंहि गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियरसारखे मोजके कारखाने उरले. नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. परिणाम असा झाला कीं जुन्या परदेशी मोटारीची किंमत उतरेना आणि तिचे सुटे भाग मिळेनात.

येथें कोल्हापूरच्या कारागिरांची विद्या कामास आली. ऊंसाच्या मळ्यांना पाणी देणाऱ्या तेलइंजिनांमुळें या शहरांत ओतशाळा व लेथ वाढले होते, आणि उद्यमनगरांत त्यांची वसाहतच उभी राहिली. झिजलेला सिलिंडर पुन्हां कोरून त्यांत मोठ्या मापाचा पिस्टन बसविणें हें तेथील मिस्त्रीला नवें नव्हतें. अशा हातांमुळें जुन्या इंजिनाला दुसरा जन्म मिळे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जुनी वेगवान मोटार किती धांवली यापेक्षां तिला कोणाचे हात लागले, हें अधिक महत्त्वाचें.

मैल मोजणारें चक्र तर दातांपेक्षांहि सहज खोटें बोलतें. पांच आंकड्यांचें जुनें चक्र ९९,९९९ नंतर पुन्हां शून्यावर येई. मग ३०,००० मैलांची गाडी आणि १,३०,००० मैलांची गाडी दिसावयास सारखीच. आजचें विजेचें मापकहि बदलतां येतें. यंत्राची झीज मात्र बदलतां येत नाहीं. चढावर पाण्याचें तपमान व तेलाचा दाब पाहिले कीं इंजिनाचा दम कळतो. उतारावर पाय उचलून थोड्या वेळानें पुन्हां पेट्रोल दिलें असतां मागें निळा धूर निघाला, तर झडपांच्या मार्गदर्शक नळ्या झिजून तेल आंत उतरत आहे असें समजावें. काळा धूर पेट्रोलाची उधळपट्टी दाखवितो. पायथ्याशीं पोंचतांना ब्रेक सैल लागले, तर तो केवळ खर्चाचा प्रश्न राहात नाहीं. मागच्या बाकावर बसलेल्या मुलाबाळांचा होतो.

आज जर्मन वेगवान मोटारी कांहीं वर्षें वापरल्यानंतर मूळ किमतीच्या निम्म्याहून कमींत मिळतात, आणि तेथेंच पुष्कळांचा हिशेब चुकतो. गाडीची किंमत उतरते. तिच्या टर्बोची, ब्रेकच्या तबकड्यांची व गिअरपेटीची उतरत नाहीं. पहिला मालक वेग विकत घेतो, दुसरा त्या वेगाची निगा विकत घेतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते, पुढें ती नव्यानें करावी लागते. नोंदणीवरील नांव तत्काळ बदलणेंहि तितकेंच आवश्यक. कारण अपघात झाल्यास कायद्याच्या दृष्टीनें नोंदलेला मालकच जबाबदार ठरतो, असा सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं निर्वाळा दिला.

शिलेदार घोडा निवडतांना त्याच्या रंगावर भाळला, तर मोहिमेंत पायीं चाले. जुन्या मोटारीच्या ग्राहकानें तेवढें जरी ध्यानांत ठेवलें, आणि किमतीइतकीच रक्कम नसली तरी तिचा मोठा हिस्सा दुरुस्तीसाठीं बाजूस काढला, तर वेगाची हौस घरावर ओझें होणार नाहीं. तेवढी शिल्लक नसेल, तर साधी व संथ गाडीच त्या घराला शोभेल. जोतिबाच्या माथ्यावर तीहि पोंचते.