मार्माइट, बिअरचा गाळ आणि मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया

ब्रिटनमध्ये नव्याने आलेली मंडळी दुकानातली मार्माइटची काळी, पिवळ्या झाकणाची बाटली पाहून हमखास विचारतात, "हे शाकाहारी आहे का? यात दारू असते का?" म्हणून ही थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

बिअरसाठी सातूला मोड आणून तो वाळवतात. मोडाच्या मुळ्या झाडून वेगळ्या करतात. मग सातू भरडून गरम पाण्यात घालतात, त्यातली साखर पाण्यात उतरते आणि चोथा मागे राहतो. मुळ्या आणि चोथा, दोन्हींत भरपूर प्रथिने असल्याने ती गुरांना खाऊ घालतात. ओला चोथा लवकर आंबतो, म्हणून तो जवळच्याच गोठ्यांत जातो.

तिसरी उरणारी वस्तू म्हणजे यीस्ट. आंबवताना ते कैक पटींनी वाढते. थोडे पुढच्या खेपेला लागते, बाकीचे उरते. ते आटवून खाता येते, हे जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी दाखवले. त्यावरूनच १९०२ साली बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावी मार्माइट कंपनी निघाली.

याचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या गंभीर पंडुरोगाचे कारण त्या शोधत होत्या. आहारात काहीतरी कमी आहे हे त्यांनी ओळखले आणि स्वस्तातल्या मार्माइटने रोगी बऱ्या होतात, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. तो अज्ञात घटक म्हणजेच फोलेट, हे पुढे सिद्ध झाले. आज गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचे मूळ असे आपल्या मुंबईत आहे.

आता प्रश्नांची उत्तरे. मार्माइट शाकाहारी आहे आणि ते मद्य नव्हे. त्यातले बी-१२ वेगळे घातलेले असते, ते शाकाहारी मंडळींना उपयोगी पडते. मात्र त्यात मीठ बरेच असते, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावे. सातूमुळे ग्लुटेनचे पथ्य असलेल्यांनी टाळावे.

आणि एक महत्त्वाचे. मार्माइट म्हणजे गोळीला पर्याय नव्हे. बाळाचा विचार सुरू झाल्यापासून गरोदरपणाच्या १२व्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असा येथील आरोग्यसेवेचा सल्ला आहे; काहींना डॉक्टर जास्त मात्रा देतात. घरातल्या लेकी-सुनांना हे जरूर सांगा.