दुय्यमाचे मोल



वलगावच्या या व्याख्यानमालेत फुटबॉलवर बोलण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, “कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला हा चेंडू कोठून आठवला?” प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण जिनाच्या फाटकावर आणि गावच्या वाचनालयात झाले. मैदानावरचे कौशल्य आम्हांस विचाराल तर शून्य. पण देशाचा संघ जिंकतो तेव्हा त्याच्या मागे किती हात असतात आणि वर्तमानपत्रात त्यांपैकी किती जणांची नावे येतात, हा प्रश्न जितका खेळाचा तितकाच श्रमाचा आहे. म्हणून आजचा विषय राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या सहायक प्रशिक्षकाचा. मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी बसणाऱ्या या दुय्यम माणसाचे मोल किती, ते आपण इतिहासाच्या आधाराने तपासू.

आरंभ घरापासून करू. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले. याच मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि कबड्डीसारख्या आपल्या मातीतल्या खेळांची प्रात्यक्षिके करून आले. ही गोष्ट वऱ्हाडात पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट रोजी यजमान जर्मनीचा फुटबॉल संघ नॉर्वेकडून ०-२ असा हरला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्या पराभवाने मुख्य प्रशिक्षक ओटो नेर्झ यांचे आसन डळमळले आणि सूत्रे त्यांचे सहायक सेप हर्बर्गर यांच्याकडे आली.

यानंतरचा जर्मनीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. याच हर्बर्गर यांनी १९५४ साली बर्न येथे बलाढ्य हंगेरीला ३-२ असे हरवून पश्चिम जर्मनीला विश्वचषक मिळवून दिला. त्यांचे सहायक हेल्मुट शोन १९६४ साली मुख्य झाले आणि १९७४ चा विश्वचषक त्यांच्या हाती आला. शोन यांचे सहायक युप डेर्वाल १९७८ साली मुख्य झाले आणि १९८० साली युरोपचे विजेतेपद त्यांनी मिळविले. पुढे २००४ मध्ये क्लिन्समान यांचे सहायक म्हणून आलेले योआखिम ल्योव्ह २००६ साली मुख्य झाले व २०१४ साली विश्वविजेते ठरले. १९३६ पासून १९८४ पर्यंत, मधली युद्धाची वर्षे सोडली तर, त्या संघाची धुरा एका सहायकाकडून दुसऱ्या सहायकाकडे जात राहिली. आज शेजारी बसणारा माणूस उद्या हे काम सांभाळणार आहे, असे धरूनच तेथे दुय्यमाची निवड होत असावी, असे म्हणावयास हरकत नाही.

अलीकडचे उदाहरण अर्जेंटिनाचे. २०१८ च्या विश्वचषकात तो संघ फ्रान्सकडून ३-४ असा हरला, मुख्य प्रशिक्षक साम्पाओली गेले आणि त्यांच्या हाताखालचे लिओनेल स्कालोनी यांना तात्पुरते नेमण्यात आले. एवढ्या मोठ्या संघाचा भार या अननुभवी माणसाला कसा पेलणार, अशी टीका झाली. त्याच स्कालोनींच्या संघाने २०२१ साली दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद आणि २०२२ साली विश्वचषक जिंकला.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या नावाने ओळखला जातो. हे मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळविले, १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला आणि १९६२ साली जाकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा आशियाई सुवर्ण आणले. जाकार्ताला गेले तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. जून १९६३ मध्ये ते वारले. भारताचा पुरुष फुटबॉल संघ १९६० नंतर ऑलिंपिकला पोहोचलेला नाही, आणि १९७० च्या कांस्यपदकानंतर आशियाई खेळांत त्याला पदक मिळालेले नाही. या घसरणीची कारणे अनेक आहेत. ती सगळी एका मृत्यूच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण एवढे मात्र दिसते की, ज्या घरात सगळ्या किल्ल्या एकाच्याच कमरेला असतात, त्या घराची कुलुपे तो माणूस गेल्यावर उघडत नाहीत.

दुय्यमाची खरी परीक्षा पाहावयाची तर २०२३ सालच्या बंगळूरला जावे लागते. दक्षिण आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा तेथे २१ जूनला सुरू झाली. मुख्य प्रशिक्षक होते क्रोएशियाचे इगोर स्टिमाच आणि सहायक होते गोव्याचे महेश गवळी. गवळी अनेक वर्षे भारताच्या बचावफळीत खेळलेले. पहिल्याच सामन्यात, पाकिस्तानविरुद्ध, चेंडू आत फेकू पाहणाऱ्या खेळाडूच्या हातून स्टिमाच यांनी तो काढून घेतला आणि पंचांनी त्यांना लाल कार्ड दाखविले. (प्रशिक्षकाला असे कार्ड दाखविण्याची रीत २०१९ पासूनची, पूर्वी पंच नुसते तोंडी बाहेर घालवीत.) तो सामना भारताने ४-० असा जिंकला. पुढच्या नेपाळविरुद्धच्या सामन्यात मुख्य खुर्ची रिकामी होती. गवळींनी संघ सांभाळला आणि भारत २-० असा जिंकला. कुवेतशी १-१ अशी बरोबरी झाली, त्या सामन्यात स्टिमाच यांना दुसरे लाल कार्ड मिळाले आणि त्यांच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. हे दोन सामने म्हणजे उपांत्य आणि अंतिम!

१ जुलैला लेबनॉनविरुद्ध १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. पेनल्टींवर भारत ४-२ असा जिंकला. ४ जुलैला अंतिम सामन्यात कुवेतने आघाडी घेतली, छांगटेने बरोबरी साधली, पुन्हा १२० मिनिटे आणि पुन्हा पेनल्टी. शेवटची पेनल्टी गोलरक्षक गुरप्रीतने अडविली आणि ५-४ अशा फरकाने भारताने हे अजिंक्यपद नवव्यांदा मिळविले.

येथे कोणी म्हणेल, आखणी स्टिमाच यांची, गोल छांगटेचा आणि हात गुरप्रीतचा. मग गवळींचे काय? आक्षेप खोटा नाही. पण अशा सामन्यात कोणाचे पाय जड झाले, कोणाला बाहेर घ्यावे आणि कोणाला केव्हा उतरवावे, हे निर्णय घरी बसून होत नाहीत. ते मैदानाकाठच्या माणसाला घ्यावे लागतात. ते त्याला घेता येतात, कारण सरावाचे रोजचे बारकावे त्याच्या डोळ्यांखालून गेलेले असतात. राष्ट्रीय संघाचे खेळाडू वर्षभर आपापल्या क्लबांत विखुरलेले असतात. एकत्र येतात ते थोडे दिवस. त्या थोड्या दिवसांत कोणाचा गुडघा दुखतो, कोण खचला आहे, कोणाशी मोठ्याने बोलून चालत नाही, हे ज्ञान फळ्यावर लिहिता येत नाही. बहुधा ते दुय्यमाजवळच साठत जाते.

मात्र दुय्यमाला देव करण्याचेही कारण नाही. गोव्याचेच सावियो मेदेरा आधी सहायक होते. २०११ साली ते मुख्य झाले आणि त्याच डिसेंबरात दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० असे हरवून दक्षिण आशियाई अजिंक्यपद त्यांच्या संघाने जिंकले. पण मार्च २०१२ मध्ये काठमांडूच्या स्पर्धेत तोच संघ तिन्ही सामने हरला. सहायक काही चमत्कार करीत नाही. संघाची जी कुवत आहे तिच्यापलीकडे तो त्याला नेऊ शकत नाही. मुख्य माणूस गेला म्हणून ती कुवत मातीमोल होऊ न देणे, हे त्याचे काम. आमच्या मते त्याचे मोल एवढेच आहे, आणि एवढे पुष्कळ झाले.

हे मोल आम्ही पुस्तकांतून शिकलो नाही, याची कबुली येथे द्यावयास हवी. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हंगामी मजुरांच्या कापलेल्या हजेरीचा तंटा होता. बोलणीच्या दिवशी आम्ही तापाने अंथरुणाला खिळलो होतो, म्हणून आमचा चिटणीस गेला. त्याच्याजवळ एक जाड वही असे. कोणत्या बाईने किती पाळ्या भरल्या, कोणाचा दिवस अर्धा धरला, सारे त्याने स्वतःच्या खुणांनी टिपलेले. कारकुनाने मस्टर पुढे केले, याने वही उघडली, आणि संध्याकाळपर्यंत करार झाला. विजयाच्या मिरवणुकीत हार आमच्या गळ्यात पडला. तो काढून त्याच्या गळ्यात घालणे आम्हांस सुचले नाही. अहवालात ‘अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली’ असे छापले गेले. ते शब्द आमच्याच हातचे होते. दोन हंगामांनंतर तो पोटासाठी सुरतेला गेला. वही कपाटात राहिली, पण त्या खुणा वाचता येईल असा माणूस आम्ही तयार केला नव्हता. पुढल्या तंट्यात मस्टर खरे ठरले आणि आमची माणसे खोटी.

तेव्हापासून कोणत्याही संस्थेचा इतिहास वाचताना आम्ही दोन गोष्टी शोधतो. मुख्याच्या शेजारी कोण बसला होता, आणि त्या शेजाऱ्याच्या शेजारी कोणाला बसविले होते. जर्मनीने ही दुसरी जागा रिकामी ठेवली नाही. आपल्याकडे जून २०२४ मध्ये स्टिमाच गेले, मग मानोलो मार्केझ आले आणि गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. चौदा महिन्यांच्या आत तीन नावे! प्रत्येक वेळी चर्चा झाली ती मुख्य कोण याची. शेजारच्या खुर्चीवर कोण, त्याला किती वर्षांचा करार, त्याच्या टिपणांचे पुढे काय होते, हे विचारणारा आवाज आमच्या कानी फारसा आला नाही.

ज्या वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, तेथे आपण जमलो आहोत. बाबा गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. दोन्ही कामे एकाच हाताची, म्हणून झाडणारा कोण हे कोणास विचारावे लागत नसे. आपल्या संस्थांत आणि संघांत खराटा एकाच्या हाती असतो आणि कीर्तन दुसऱ्याच्या मुखी. तसे असावयास हरकत नाही. पण मग नोंदवहीत नावे दोघांची लागतील. आमच्या युनियनच्या यंदाच्या अहवालात त्या चिटणीसाचे नाव आम्ही घातले आहे. वीस वर्षे उशीर झाला, याबद्दल त्याची आणि त्या मजूर बायांची आम्ही क्षमा मागतो.