पंख्याची हवा, जहाजाचा प्रोपेलर आणि माझा घाईचा निष्कर्ष

मागच्या उन्हाळ्यात खोलीसाठी छताचा पंखा घेतला. खोक्यावर लिहिलेलं: १२०० मिमी, २८ वॅट, हवा मिनिटाला २१० घनमीटर. मी कागद घेऊन आकडेमोड केली आणि मित्रांना ठामपणे सांगून टाकलं, ‘हा आकडा खोटा आहे.’ खोटा नव्हता. पण माझी चूक कुठे झाली हे समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा प्रश्न पंख्याचा नव्हताच, जहाजाचा होता. वाफेच्या जहाजाचा प्रोपेलर पाणी मागे ढकलतो. त्यात किती शक्ती अटळपणे खर्च होते? १८६५ साली ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांनी पात्यांचा आकार बाजूलाच ठेवला. पाण्याला मागे किती संवेग मिळाला, एवढंच धरून त्यांनी हिशेब मांडला. पुढे १८८९ मध्ये रॉबर्ट एडमंड फ्रूड यांनी प्रोपेलरच्या जागी एक पातळ चकती कल्पिली. चकती ओलांडताना दाब एकदम वाढतो, वेग मात्र नाही. त्यातून निघालं की प्रवाहाला जो जादा वेग मिळतो, त्यातला निम्मा चकतीपर्यंत पोहोचतानाच मिळालेला असतो आणि उरलेला निम्मा पुढे गेल्यावर. १९२० मध्ये गॉटिंगेनच्या आल्बर्ट बेट्झ यांनी हाच हिशेब उलटा करून पवनचक्कीला लावला. वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्ती काढता येते, ही प्रसिद्ध मर्यादा त्यातूनच आली.

आता आपला पंखा बघा. मिनिटाला २१० म्हणजे सेकंदाला ३.५ घनमीटर. पंख्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौरस मीटर. भागाकार केला की पात्यांजवळचा वेग येतो सेकंदाला ३.१ मीटर. खोलीतली हवा आधी स्थिर होती, म्हणून फ्रूडच्या नियमाने खाली गेल्यावर वेग दुप्पट, ६.२ मीटर. हवेची घनता १.२ धरली तर सेकंदाला ४.२ किलो हवा. निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग: साधारण ८० वॅट! आणि पंखा घेतो २८. म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचाच भंग. मला वाटलं, चोर सापडला.

माझ्या गाइडनी कागद बघितला आणि एकच प्रश्न विचारला, ‘हवा मोजली कुठे?’

इथेच सगळी गोम आहे. छताच्या पंख्याची हवा पात्यांपाशी मोजत नाहीत. पात्यांच्या खाली काही अंतरावर, आडव्या पातळीत ठिकठिकाणी वेग मोजून बेरीज करतात. तिथे पोहोचेपर्यंत झोताने आजूबाजूची हवाही ओढून घेतलेली असते. हवेचं प्रमाण वाढतं, वेग कमी होतो, संवेग जवळपास तेवढाच राहतो. गतिज ऊर्जा मात्र घटते. समजा २८ पैकी निम्मे, म्हणजे १४ वॅटच हवेला मिळाले. तर फ्रूडच्या हिशेबाने पात्यांतून मिनिटाला सुमारे ११७ घनमीटर हवा जाते. बाकीची वाटेत सामील झालेली. म्हणजे ८० वॅटचा आकडा काढून दावा खोडता येत नाही. गणित बरोबर होतं, पण मी ते चुकीच्या जागेच्या आकड्याला लावलं.

मग ही तपासणी निरुपयोगी का? मुळीच नाही. आकार तोच ठेवला तर लागणारी शक्ती हवेच्या प्रमाणाच्या घनाप्रमाणे वाढते. हवा दहा टक्के जास्त हवी तर शक्ती ३३ टक्के जास्त, दुप्पट हवी तर आठपट. त्यामुळे सारख्याच पद्धतीने मोजलेल्या, सारख्याच आकाराच्या दोन पंख्यांत एकाचा दावा फार पुढे असेल, तर शंका घेणं रास्तच आहे. आपल्याकडे २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं. त्याचा आधारही दर वॅटमागे किती हवा, हाच आहे.

संशोधनात उतरणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: कुणाचा आकडा खोटा म्हणण्याआधी तो कुठे आणि कसा मोजला ते शोधा. मी मित्रांना दुसऱ्या दिवशी ‘चुकलो’ असं कळवलं. जिवावर आलं होतं, पण कळवलं.

जाता जाता गृहपाठ: पंखा सरळ नळीत बसवला, तर तेवढ्याच हवेला एक चतुर्थांश शक्ती पुरते. का? फ्रूडची दुप्पट आठवा.