घाणीचा चुना

आमच्या घरात गवंडीकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. त्यामुळे नाना फडणीस हे नाव शाळेच्या पुस्तकाआधी आजोबांच्या तोंडून कानावर पडलं. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी नाना अर्धा. तलवार चालवली नाही म्हणून अर्धा, असं आजोबा सांगायचे आणि वर म्हणायचे, ‘‘पण वाडा बांधण्यात पुरा शहाणा हो!’’

हा वाडा मेणवलीचा. वाईपासून जवळच, कृष्णेच्या काठी. मेणवली गाव नानांना इनाम मिळालं आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी तिथे सहा चौकांचा वाडा आणि चंद्रकोरीच्या आकाराचा घाट बांधला. १८०० साली नाना पुण्यात वारले. मेणवलीत राहिलेल्या त्यांच्या कागदपत्रांचा, म्हणजे ‘मेणवली दप्तरा’चा, ठेवा पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी उजेडात आणला. वाडा टिकला म्हणून ते कागद टिकले, हे मला फार मोलाचं वाटतं. छप्पर गळकं असतं तर पेशवाईच्या कारभाराचा केवढा पुरावा लगदा होऊन गेला असता!

घाटावरच्या घंटेची गोष्ट आजीकडची. ही घंटा कृष्णेच्या पुरात वाहत आली आणि देवळापाशी येऊन थांबली, असं ती सांगे. प्रत्यक्षात ती वसईची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. आजीला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग बरोबरच की, लेकुरवाळी देवीच आली ती.’’ मला तिचं म्हणणं खोडावंसं वाटलं नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमच्या गावातला, दुरुस्तीला काढलेला वाडा. मेणवलीपुढे तो लहानच, एका चौकाचा. चुलतभाऊ रविवारी फोन करतो. हळदीचा भाव, यात्रेची वर्गणी, कुणाची सोयरीक जमली हे सांगून झालं की गाडी वाड्यावर येते. सोप्याची कौलं उतरवली, मागच्या भिंतीचा गिलावा खरवडला, एक तुळई आतून पोकळ निघाली.

ती तुळई मी जाऊन पाहिली. मधला साग अजून खणखणीत, पण भिंतीत गेलेलं टोक बोटानं दाबलं तरी भुगा पडत होता. मागे कधीतरी त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. दगडमातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते, सिमेंटच्या आड मात्र कोंडून राहते आणि शेवटी लाकडाच्या टोकाला धरते. मिस्त्रींनी कुजलेला तुकडा कापून नव्या सागाचा सांधा दिला, हे बरं केलं. अख्खी तुळई बदलणं सोपं होतं.

चुन्याचं काम आजोबांनी आयुष्यभर केलं. भट्टीतली चुनकळी पाण्यात पडली की खदखदायची, आम्हा पोरांना लांब उभं करायचे. विरलेला चुना मुरत ठेवायचा, मग वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायचा. दगडी चाक गोल चरातून फिरत राही आणि आजोबा मधूनच चिमूटभर चुना उचलून बोटांत चोळत. खर लागली की बैल पुन्हा सुरू. वर गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, भिजवलेल्या हिरड्याचं पाणी. घाई केलेला चुना भिंतीवर तडकतो, हे ते प्रत्येक नव्या पोराला ऐकवत. आज गावात घाणी नाही, चुना यंत्रावर मळतात. चालेल. मुरवण्याचे दिवस मात्र कुणी कमी करू नयेत.

दुरुस्तीसाठी गाव एकत्र आलं, वर्गणी जमली, याचा मनापासून आनंद आहे. माझी काळजी पुढची आहे. पूर्वी वैशाखात दरसाल शाकारणी व्हायची. फुटकी कौलं बदलायची, पन्हळ साफ करायची, वाळवीची माती खरवडायची. ती बंद झाली आणि वाडा खचू लागला. आता चौकात वाचनालय करायचं की लग्नकार्याला जागा द्यायची यावर पारावर वाद रंगतो. दोन्ही होऊ दे. भाडं घ्या, पण त्यातला ठरावीक हिस्सा शाकारणीसाठी वेगळा ठेवायचा ठराव आधी व्हायला हवा. पुढच्या ग्रामसभेत तो मांडायला मी जाणार आहे.