मुदत संपली, असं आजोबांना सांगितलं होतं

मागच्या मे महिन्यात गासच्या घराची रंगरंगोटी काढली, तेव्हा आजोबांची ट्रंक उघडली. आत पंचनाम्याची झेरॉक्स, हाडांच्या डॉक्टरची बिलं आणि पायाचा एक्स-रे. तारीख ऑक्टोबर १९९२ची. पहाटे सायकलवर भाजी लादून नालासोपारा स्टेशनकडे जाताना आजोबांना टेम्पोने उडवलं होतं. वर्षभर वाडीत त्यांचं पाऊल पडलं नाही.

नुकसानभरपाई का नाही मागितली, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "गेलो होतो रे. जानेवारीत, चौऱ्याण्णव साली. वकील म्हणाला, मुदत संपली."

मी सॉफ्टवेअरवाला, कायद्यातलं मला काही कळत नाही. पण ही मुदत कोणी ठरवली, हे शोधत बसलो.

रस्ते अपघातांच्या भरपाईसाठी वेगळं न्यायाधिकरण नेमण्याची सोय १९५६च्या दुरुस्तीने झाली. तेव्हा अर्ज करायला मिळायचे ६० दिवस. एवढ्या दिवसांत प्लास्टरही धड निघत नाही. १९६९मध्ये त्याचे सहा महिने झाले. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण त्यानंतरही अर्ज घेऊ शकत होतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सहा महिने तसेच ठेवले, पण उशीर माफ करायलाही हद्द घातली : अपघातापासून बारा महिने. त्यानंतर दार बंद.

मुदतीला कारण असतं. साक्षीदार विसरतात, कागद गहाळ होतात, समोरच्यावर आयुष्यभर टांगती तलवार ठेवणंही बरोबर नाही. पण अपघातात नेमका घरातला कमावता माणूसच खाटेवर पडलेला असतो. आमच्याकडे तर जिल्ह्याचं कोर्ट तेव्हा ठाण्याला.

म्हणजे वकील १९९४च्या जानेवारीत बोलला ते बरोबर होतं. पुढचं मात्र आमच्या घरी कोणालाच कळलं नाही. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला संसदेची दुरुस्ती लागू झाली आणि मुदतीचं कलमच निघून गेलं. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. त्यातला अर्ज बारा महिने उलटून जेमतेम तीन-चार दिवसांनी केलेला होता. न्यायालयाने तो जिवंत केला. शिवाय असंही सांगितलं, की अपघात दुरुस्तीच्या दोन वर्षं आधीचा असला आणि तोवर अर्जच केला नसला, तरी आता मुदतीच्या नावाखाली तो फेटाळता येणार नाही.

दोन वर्षं आधीचा अपघात, न केलेला अर्ज. हे तर आजोबांचंच प्रकरण. ते २००९मध्ये गेले. दार उघडल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नाही.

२०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली. ती १ एप्रिल २०२२पासून लागू झाली. सोबत पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा आणि तोच भरपाईचा अर्ज मानायचा, अशीही सोय आहे. या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आल्या. केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये दिला.

अंतरिम म्हणजे कायमचं नव्हे. म्हणून घरात कोणाला अपघात झाला, तर सहा महिनेच आहेत असं धरून चाला. आणि कोणी 'मुदत संपली' म्हणालं, तर दुसऱ्या वकिलाला विचारा. वर्षभराने परत एकदा विचारा.